दर दोन तासांनी

आई गेली त्या रात्रीसुद्धा मी एक वाजता उठले. मग तीनला. मग पाचला.

चार वर्षं हेच केलं होतं. अर्धांगवायूच्या झटक्यात आईची उजवी बाजू गेली आणि ती अंथरुणाला खिळली. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर दाबाने जखमा होतात. दिवसा बाई यायची. रात्री मी. अकरा, एक, तीन, पाच. पहिले काही महिने गजर लावला, पुढे त्याची गरज उरली नाही. उठायचं, डावा हात तिच्या खांद्यामागे, उजवा कमरेखाली, "ए आई, वळू या गं," म्हणायचं, खालची आडवी चादर आपल्याकडे ओढायची, पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मधे उशी, टाचा अधांतरी. चार वर्षांत तिला एकही जखम झाली नाही. हे मी अभिमानाने सांगते, कारण ते खरंच अवघड असतं, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

ती गेली आणि मला रडू आलं नाही. बाराव्या-तेराव्याला लोक म्हणत राहिले, "फार केलंस हो, सुटली बिचारी." मी मान हलवायची आणि आत हिशेब चालू: साडेसातची रक्तदाबाची गोळी दिली का, डायपरचं पाकीट किती उरलंय, नळीतून पाणी किती गेलं. माणूस नाही, पण यादी चालूच. कामावर हिशेबाच्या फायली समोर असताना, बडोद्याच्या रावपुऱ्यात भाजी घेताना, स्कूटर सिग्नलला थांबलेली असताना. आणि रात्री एक, तीन, पाच. असं दीड वर्ष चाललं.

मन शांत करायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं, हे मला लहानपणापासून ठाऊक. आम्ही दांडिया बाजारातले. आमच्या भागात श्री अरविंदांचं जुनं राहतं घर आहे, अरविंद निवास. अरविंद १८९३ मध्ये बडोद्याला आले, १९०६ पर्यंत इथे होते, पुढे पुढे कॉलेजात शिकवत. पण आईला आवडायची ती नंतरची गोष्ट. १९०८ च्या जानेवारीत, सुरतेचं काँग्रेस अधिवेशन उधळल्यावर, ते पुन्हा इथे आले आणि विष्णु भास्कर लेले नावाच्या मराठी योग्याला भेटले. दोघे सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं, विचार करू नकोस, नुसता बघ. विचार बाहेरून येतात, आत शिरण्याआधीच परतवून लाव. आणि तीन दिवसांत मन निःशब्द झालं. अरविंदांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की खरं तर ते एकाच दिवसात घडलं. आई मला शाळेत सोडताना त्या बाजूने जाताना हे सांगायची, जणू परवाच घडलंय आणि लेले आमचेच कुणीतरी काका आहेत.

मी बसले. देवघरासमोर, पाट घालून, ताठ. दोन मिनिटं श्वास, तिसऱ्या मिनिटाला यादी. विचार परतवून लावायचे तर ते बाहेरून यायला हवेत. माझे खांद्यांतून येत होते, मनगटांतून येत होते. आता कळतं ते इतकंच, तेव्हा मात्र वाटायचं की आपल्यातच काही कमी आहे. दहा दिवसांच्या मौनशिबिराचा फॉर्म भरून ठेवला होता, पण रोज दहा तास त्या यादीबरोबर एकटीने बसायचं या कल्पनेनेच छातीत धडधडलं. फॉर्म पाठवला नाही.

मग माझी कॉलेजमधली एक मैत्रीण मला अकोट्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये घेऊन गेली. गुजराती आहे, आमचं बोलणं निम्मं मराठी निम्मं गुजराती. "तू खाली चाल ने," तू नुसती चल ना, एवढंच म्हणाली. रविवारची संध्याकाळ, पंधरा-सोळा माणसं, सतरंज्या, एक स्पीकर. ओशोंचं कुंडलिनी ध्यान. एक तास, चार भाग, प्रत्येकी पंधरा मिनिटं: पहिल्यात उभं राहून अंग थरथरू द्यायचं, दुसऱ्यात नाचायचं, तिसऱ्यात डोळे मिटून बसायचं किंवा उभं राहायचं, चौथ्यात निश्चल पडून राहायचं.

ओशोंबद्दल मला प्रेम नव्हतं आणि आजही मी त्यांची शिष्या वगैरे नाही. कुचवाड्यात जन्मलेला, जबलपुरात तत्त्वज्ञान शिकवणारा हा माणूस १९७० मध्ये मुंबईला आला आणि तिथून पुढे पुण्याला, मग अमेरिकेत ओरेगॉनला. त्या सगळ्या प्रवासात जे जे झालं त्यातलं बरंच मला पटत नाही. पण त्यांचं एक म्हणणं मला माझ्या अंगावरून पटलं. आजच्या माणसाने इतकं आत कोंबलेलं असतं की त्याला थेट शांत बसवलं तर तो शांत होत नाही, फक्त कोंडतो. आधी बाहेर टाकू द्या, मग बसवा. म्हणून त्यांनी बसण्याच्या आधी हालचाल जोडली.

हॉलमध्ये चालवणाऱ्या बाईंनी एकच सूचना दिली होती, थरथर आणायची नाही, येऊ द्यायची. पाय घट्ट रोवा, गुडघे मोकळे सोडा, पावलांपासून सुरू होईल. पहिली पाच मिनिटं मी सरळ सरळ करतच होते, गुडघे हलवत होते, आजूबाजूचे बघतायत का हा विचार. मग पोटऱ्या खरोखर थरथरायला लागल्या. मांड्या. मग जबडा, दात एकमेकांवर आपटत होते, थंडीत आपटतात तसे. मला भीती वाटली नाही, हे मला नवल वाटलं.

नाचाच्या भागात ते झालं. संगीत बदललं, बाकीचे गोल फिरत होते, कुणी हात वर करून. माझे हात वर गेले नाहीत. डावा हात पुढे झाला, तळवा वर. उजवा त्याच्या खाली, थोडा मागे. आणि दोन्ही हात मिळून अलगद माझ्याकडे वळले. मी आईला वळवत होते. पुन्हा. पुन्हा. कमरेतून झुकून, गुडघे वाकवून, अगदी जसं वळवायची तसं, फक्त हातांत वजन नव्हतं. ते वजन नाही हे हातांना पहिल्यांदा कळलं. मी ओरडून रडले. दीड वर्षात आलं नव्हतं ते रडू, नाकातोंडातून, आवाजासकट. कुणी जवळ आलं नाही, कुणी पाठीवर हात फिरवला नाही. त्यांचा तो नियमच आहे आणि तो फार शहाणपणाचा आहे. कुणी "असू दे, असू दे" म्हणालं असतं तर मी लगेच डोळे पुसले असते.

शेवटची पंधरा मिनिटं मी सतरंजीवर पडून होते. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. यादी नव्हती. तिला शोधायला मी आत गेले, असं म्हटलं तरी चालेल, आणि ती सापडली नाही. एखाद-दोन मिनिटंच असतील. पण मी लेल्यांची गोष्ट ऐकत मोठी झालेली मुलगी, मला ती दोन मिनिटं ओळखता आली.

त्या रात्री मी एकला उठले. तीनला नाही. पाचला नाही. याला चमत्कार म्हणू नये, पुढच्याच आठवड्यात पुन्हा तिन्ही वेळा जाग आली. पण मी जात राहिले.

तीन महिन्यांनी ओशोंचंच सकाळचं सक्रिय ध्यान सुरू केलं, इंग्रजीत ज्याला डायनॅमिक म्हणतात ते. हे अवघड आहे आणि याबद्दल नीट सांगायला हवं, कारण लोक व्हिडिओ बघून थेट सुरू करतात. तासाभराचं, पाच टप्प्यांचं. पोट रिकामं, कपडे सैल, डोळे पूर्ण वेळ मिटलेले, हवी तर पट्टी बांधायची. पहिली दहा मिनिटं नाकाने जोरजोरात, बेताल श्वास, लक्ष सोडण्यावर. घेणं आपोआप होतं. ताल धरायचा नाही, कारण ताल लागला की मन त्यात आरामात बसतं. दुसरी दहा मिनिटं जे येईल ते बाहेर: रडणं, ओरडणं, हसणं, हातपाय झाडणं. तिसरी दहा मिनिटं दोन्ही हात वर करून उड्या, पाय जमिनीवर सपाट टेकवत, प्रत्येक उडीला "हू" असा घोष, जो बेंबीखाली आपटायला हवा. मग एकदम "थांबा!" जसे असाल तसे गोठायचं. पंधरा मिनिटं. शेवटची पंधरा मिनिटं नाच.

वाड्यात राहून पहाटे सहाला "हू" करणं शक्य नव्हतं. भिंतीला भिंत लागून शेजार. पण याचीही सोय मूळ पद्धतीतच आहे: जिथे आवाज करता येत नाही तिथे दुसरा टप्पा फक्त अंगाने करायचा, तोंड उघडं पण आवाज नाही, आणि तिसऱ्या टप्प्यातला घोष आतल्या आत. मला तर वाटतं, मूक ओरडणं जास्त खोल जातं. घसा तुटेपर्यंत ताणलेला आणि खोलीत फक्त पावलांचा आवाज. अर्थात हे माझं झालं.

गोठण्याच्या टप्प्याविषयी फार कमी बोललं जातं, माझ्यासाठी सगळं तिथे आहे. हात वर असताना आवाज येतो आणि हात वरच राहतात. तिसऱ्या मिनिटाला खांदे जळायला लागतात. घाम कानामागून मानेवर उतरतो, तो पुसायचा नाही. खाज येते, खाजवायचं नाही. चार वर्षं मी दुसऱ्याचं शरीर हलवत होते, आणि इथे स्वतःचं हलवायचं नव्हतं. छाती धपापत असते, मग हळूहळू श्वास आपल्या जागी येतो, आणि त्या येण्याकडे बघता बघता विचार नुसते समोरून जातात. लेल्यांनी सांगितलेलं बघणं मला इथे जमलं. पाटावर नाही जमलं. तीस मिनिटं अंगाने खपल्यावर जमलं.

सासूबाईंना आधी काही कळेना. माझ्या दोन आया, एकीला मी "ए आई" म्हणायचे, एकीला "अहो आई". या दुसऱ्या आईंनी पहिलीसाठी स्वतःची खोली रिकामी करून दिली होती, एका शब्दाने न बोलता, आणि स्वतः हॉलमधल्या दिवाणावर झोपल्या चार वर्षं. एका पहाटे दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय गं, मंगळागौर आहे का आज? फुगड्या घालतेस एकटी?"

मी सांगितलं काय ते. त्या दिवाणावर बसल्या, गुडघे चोळत. मग म्हणाल्या, लग्नानंतरची पाच वर्षं याच वाड्यात मंगळागौर जागवली. रात्रभर झिम्मा, फुगडी, बसफुगडी, कोंबडा, पिंगा. पहाटेपर्यंत घसा बसलेला असायचा, पाय सुजलेले. "आणि सकाळी बघ, डोकं कसं रिकामं. सासूचा राग नाही, माहेरची आठवण नाही. तीन दिवस तसंच राहायचं. आम्हाला वाटायचं गौरीची कृपा."

मला वाटतं तीही खरीच. नव्या घरात आलेल्या, मोठ्यांदा हसायचीही चोरी असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना वर्षातून एक रात्र अंग आणि आवाज पूर्ण मोकळा करायची परवानगी देणारं कुणीतरी शहाणंच असणार. वारकऱ्यांची पावली बघा. आपल्याकडे बसण्याइतकीच नाचण्याचीही वाट होती. आमच्या या शहरात तर फारच. हजरत इनायत खाँ इथले, १८८२ मध्ये बडोद्यात जन्मलेले, ज्यांनी सयाजीरावांच्या काळात इथे गायनशाळा काढली त्या मौलाबक्षांचे नातू. १९१० मध्ये ते सुफी विचार घेऊन पश्चिमेला गेले, आणि त्यांचे एक अमेरिकन शिष्य सॅम्युएल लुईस यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी हात धरून, गोलात, जप करत करायची साधी नृत्यं सुरू केली. ती आज जगभर ध्यान म्हणून होतात. आणि ज्या गावातून ही वाट निघाली तिथेच मी पाटावर बसून स्वतःला दोष देत होते.

एक चूक सांगते, कारण ती पुष्कळांची होते. दुसऱ्या टप्प्यात राग येतो. माझा एका नातेवाइकावर होता, चार वर्षांत एकदाही रात्री थांबायला न आलेला आणि तेराव्याला सगळ्यांसमोर "अजून चांगला डॉक्टर बघायला हवा होता" म्हणालेला. मी उशी घेतली आणि त्याचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून ती बडवली. दहा मिनिटं. वाटलं मोकळं होईल. तो सगळा दिवस मी धुमसत होते, संध्याकाळी नवऱ्यावर ओरडले, त्याचा काही संबंध नसताना.

नंतर वाचलं की हे तपासलं गेलंय. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये सहाशे विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ज्याने राग आणला त्याचा विचार करत पंचिंग बॅगला मारणारे सर्वांत जास्त चिडलेले राहिले. ज्यांनी काहीच केलं नाही, नुसते बसले, ते उलट शांत होते. त्याच विषयावर २०२४ मध्ये दीडशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्याचाही निष्कर्ष असाच: शरीराची उत्तेजना वाढवून राग ओसरत नाही, ती उतरवून ओसरतो. हे वाचून मी दोन आठवडे सगळं बंद ठेवलं. मला ते गंभीरपणे घ्यावंसं वाटलं, आपल्याला आवडलेली गोष्ट आहे म्हणून बाजूला सारावंसं वाटलं नाही.

मग पुन्हा सुरू केलं, एक नियम घालून. चेहरा नाही. राग आला तर तो हातांत येऊ द्यायचा, दंडांत, जबड्यात, पण कुणावर ते मनात आणायचं नाही. नाव डोक्यात आलं की लक्ष तळपायांवर. आणि गोठण्याचा व पडून राहण्याचा भाग कधीही गाळायचा नाही, वेळ कमी असेल तर ओरडणं कमी करायचं, थांबणं नाही. ओरडून दार आपटून कामाला निघालात तर ते ध्यान नव्हे. मला जे मिळालं ते थरथरण्यानंतरच्या शांततेत मिळालं, थरथर फक्त तिथवर घेऊन गेली.

आणखी एक. जोरात श्वास घेताना बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, गरगरतं. कुणी सांगेल शक्ती जागी होतेय. श्वास फार वेगाने सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने ते होतं. साध्या श्वासावर यायचं, बसायचं, थोड्या वेळात जातं. माझा रक्तदाब थोडा वरच्या बाजूला असतो म्हणून मी आधी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी उड्या कमी करायला सांगितलं, मी उड्यांच्या जागी टाचा उचलून टेकवते. हृदयविकार, फिट्स, काचबिंदू, पोटुशी बाई, नुकतंच ऑपरेशन झालेलं, यांनी हे करू नये. मनाचा मोठा आजार असेल, भास होत असतील, तर तर नाहीच. आणि जुनी जखम फार खोल असेल तर एकटीने बंद खोलीत ती उघडू नये. मी त्याच काळात एका समुपदेशक बाईंकडेही जात होते, पंधरवड्यातून एकदा. ध्यानात जे बाहेर यायचं त्याला त्यांच्यासमोर शब्द मिळायचे. दोन्ही लागलं मला.

गेल्या नवरात्रात सहा वर्षांनी गरब्याला गेले. नवलखीच्या मोठ्या मैदानावर नाही, आमच्याच बाजूच्या पोळीत, म्हणजे जुन्या गल्लीत, जिथे अजून मधे मातीचा गरबो ठेवतात, भोकाभोकांचा, आत दिवा. आता २०२३ पासून युनेस्कोच्या यादीत गरबा आहे, त्याचा सगळ्यांना आनंद, पण पोळीत तो तसाच होतो जसा मी लहान असताना व्हायचा. बे ताळी, त्रण ताळी. सुरुवातीला पावलं आठवून टाकावी लागली. मग गोलाने मला घेतलं. हात वर जातात, खाली झुकून टाळी, वळणं, पुन्हा वर. तासाभराने लक्षात आलं की कमरेतून झुकून मी टाळी देतेय, दोन्ही हात एकमेकांना लागतायत, आणि मधे दिवा आहे. मी बाजूला होऊन ओट्यावर बसले थोडा वेळ. रडू आलं, साधं, पदराने पुसण्याएवढं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "बा याद आव्यां?" आईची आठवण आली का. मी हो म्हटलं, आणि परत आत शिरले.

रोज करत नाही आता. आठवड्यातून दोनदा सकाळचं, रविवारी संध्याकाळचं. अजूनही अधूनमधून तीनला जाग येते. येते तेव्हा पडून विचारांशी झगडत नाही. उठते, अनवाणी मागच्या गॅलरीत जाते, गुडघे सैल सोडते आणि पाच मिनिटं अंगाला थरथरू देते. फरशी गार असते. दिवाणावरून सासूबाईंचा खोकला ऐकू येतो. खोली परत मिळालीय, पण त्या दिवाणच सोडत नाहीत.

"झालं का गं?"

"झालं, आई."

"मग नीज आता."